परक्यांचे कर्जरोखे आणि आमचे सोने

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव वारकऱ्यांस रेड्याच्या समाधीमुळे परिचित आहे, आणि जवळचा आळेफाटा शेतकऱ्यांस कांद्याच्या बाजारामुळे. कांद्याची पट्टी हाती पडली की तिच्यातील काही भाग सराफाकडे जावयाचा, हा ह्या मुलखातील जुना रिवाज. परंतु एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने करांसह एक लाख रुपयांचा टप्पा गाठला, आणि लग्नघरचे सारे हिशेब कोलमडले. दोष सराफाच्या माथी मारणे सोपे आहे. पण भावाचे मूळ आळेफाट्यावर नाही आणि झवेरी बाजारातही नाही. ते बव्हंशी अमेरिकी सरकारच्या कर्जरोख्यांत आहे.

सोने व्याज देत नाही, रोखा देतो. म्हणून रोख्यांवरील व्याज चढले की सोने उतरावे, असा जुना अनुभव. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवर जेमतेम अर्धा टक्का सुटत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर पाच टक्क्यांजवळ पोहोचला. त्या न्यायाने सोने कोसळावयास हवे होते. उलट डिसेंबर २०२३ मध्ये त्याने नवा उच्चांक केला. हे कसे घडले?

ह्याचे मोठे कारण राजकीय आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाची सुमारे ३० हजार कोटी डॉलरांची गंगाजळी गोठविली. रोखा कितीही भक्कम असला तरी तो दुसऱ्याच्या वहीतील नोंद आहे, हा धडा साऱ्या मध्यवर्ती बँकांनी घेतला. २०२२ पासून सलग तीन वर्षे त्यांनी दरसाल हजार टनांहून अधिक सोने खरेदी केले. चीनजवळील अमेरिकी रोखे २०१३ मध्ये १ लाख ३० हजार कोटी डॉलरांच्या घरात होते. २०२४ अखेर ते ८० हजार कोटींच्या खाली आले. ह्याचा अर्थ परकी मागणी आटली असा मात्र नव्हे. २०२५ मध्ये परकीयांकडील अमेरिकी रोखे नऊ लाख कोटी डॉलरांपलीकडे गेले. बदलला तो गिऱ्हाईक. व्याजाकडे फारसे न पाहता रोखे साठविणारी सरकारे मागे सरली, आणि व्याजाचा काटेकोर हिशेब करणारे खाजगी गुंतवणूकदार पुढे आले.

आपणांस सोने जवळजवळ सारे आयात करावे लागते. म्हणून डॉलर महागला की जागतिक भाव स्थिर असूनही येथे सोने चढते. जून २०२४ पासून भारत सरकारचे रोखे जे. पी. मॉर्गनच्या निर्देशांकात आले. त्यांस परकी मागणी राहिली तर रुपयास आधार मिळतो. ती एकाएकी आटली तर फटका लग्नघरापर्यंत पोहोचतो.

१९९१ मध्ये परकी चलनाच्या टंचाईत देशाने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकले. त्याच देशाच्या रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये इंग्लंडातून १०० टन सोने परत आणले. सरकारी तिजोरीस जे शहाणपण शोभते, ते शेतकऱ्याच्या पेटीत अडाणीपण कसे ठरते? १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने सोन्याची ओढ कमी झाली नाही, आणि १९९० मध्ये तो कायदा रद्द करावा लागला.

सरकारने २०१५ मध्ये सुवर्णरोखे काढले. भावाबरोबर व्याजही देणारी ती योजना लहान बचतदारास उपकारक होती. भाव चढताच तिचा बोजा जड झाला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या विक्रीनंतर तिला विराम मिळाला. परकीयांस रोखे विकण्याची जी तत्परता आहे, ती आळ्याच्या शेतकऱ्याबाबतही दिसली पाहिजे. शेतकऱ्यासही आमचे सांगणे आहे: शिलकीतून सोने घ्यावे, कर्ज काढून नव्हे, आणि चढ्या भावावर गहाणाची पुरती रक्कम उचलू नये. परक्यांच्या विश्वासावर चढलेला भाव त्यांच्याच लहरीने उतरू शकतो; कर्जाचा हप्ता मात्र उतरत नाही.