फेब्रुवारीतले तीनशे रुपये

पगाराची चिठ्ठी नीट वाचत असाल, तर व्यवसाय कराचे दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तेवढे तीनशे कापले जातात, हे ठाऊक असेल. वर्षाचे अडीच हजार. हा कर मुळात कशासाठी लागला, असं मुंबईतल्या नोकरदाराला विचारलं तर तो खांदे उडवतो. त्याचं उत्तर तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आहे.

वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीला ना खातं, ना निधी, ना कुणाची बाजू घेण्याची मुभा. आजच्या हिशेबाने ही राजकीय अडगळच. त्याच खुर्चीतल्या माणसाने सरकारच्या तिजोरीवर कायमचा बोजा टाकणारी कल्पना मंत्रालयाच्या गळी उतरवली: मागेल त्याला काम, म्हणजेच रोजगार हमी.

साठच्या दशकात विसापूर परिसरात त्याचा प्रयोग झाला. मग १९७२चा दुष्काळ आला. माण, खटाव, आटपाडी, जतची माणसं खडी फोडायला उतरली. दुष्काळी कामं त्याआधीही निघत, पण ती साहेबाच्या मर्जीने; पाऊस पडला की बंद. पाग्यांनी गाडं उलटं फिरवलं. मजुराने काम मागायचं, सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता मोजायचा. भत्ता दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हसण्यासारखी, पण मजूर सरकारचा धनको झाला, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारातून गावातली मजुरी, आणि वर सरकारची तेवढीच भर. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

सगळं गोमटं झालं असं नाही. मस्टरवर खोटी नावं चढली, मुकादम गब्बर झाले, कैक पाझर तलाव कागदावरच पाझरले. तरीही मी पाग्यांच्याच बाजूने आहे. योजना बंद करायला सहीचा एक कागद पुरतो. कायदा मोडीत काढायचा तर सभागृहात उभं राहून तसं बोलावं लागतं.

सांगली-साताऱ्याने यशवंतराव दिले, वसंतदादा दिले, आर. आर. आबा दिले. त्यांचे पुतळे आहेत, जयंत्या होतात. पाग्यांचं नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या गाइडात एका गुणापुरतं उरलंय. आणि आमच्या चौकातला फ्लेक्स सांगतो, ‘अमुक कोटींचा निधी खेचून आणला’. कुणाकडून खेचला? निधी आमचाच होता की!

दोन्ही जिल्ह्यांतल्या आमदारांना एवढीच विनंती: येत्या अधिवेशनात एखादं अशासकीय विधेयक मांडा. त्याला मंत्रिपद लागत नाही. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास त्यासाठीच राखलेले असतात.