बोगदा खणण्याआधी

वसुबारस जवळ आली की पुण्याच्या सातारा रस्त्यावर सॅका दिसू लागतात. भारती विद्यापीठाच्या वसतिगृहांतून, धनकवडी-बालाजीनगरच्या गल्ल्यांमधल्या कॉट बेसिसच्या खोल्यांतून मुलं-मुली घरी निघालेली असतात. पाठीवर सॅक, हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी. कुणाला सांगली गाठायची असते, कुणाला कराड, कुणाला सोलापूर. काही जण कात्रजच्या चौकात उभे राहून येईल त्या एसटीला हात करतात. बसायला जागा हवी असणारे उलटे स्वारगेटला जातात. अंतर काही किलोमीटरचंच. सणाच्या संध्याकाळी तेवढ्या अंतरासाठी पीएमपीच्या बसच्या दारात लोंबकळावं लागतं, नाहीतर रिक्षावाला सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

याच रस्त्याखालून मेट्रो जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला मंजुरी दिली. खर्च २,९५४.५३ कोटी रुपये आणि काम संपवायची मुदत फेब्रुवारी २०२९. त्या आराखड्यात स्थानकं तीनच होती : मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज. म्हणजे पद्मावती सुटलं की गाडी एकदम कात्रजला थांबणार. मधल्या पट्ट्यात वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि इतर शाखांची महाविद्यालयं असलेलं भारती अभिमत विद्यापीठाचं संकुल आहे, त्याला लागून मोठं रुग्णालय आहे, भोवती दाट वस्ती आहे. या सगळ्यांच्या पायाखालून गाडी न थांबता निघून जाणार होती.

रहिवाशांनी आणि लोकप्रतिनिधींनी या पट्ट्यात बालाजीनगरला स्थानक हवं, ही मागणी लावून धरली. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन वाढीव स्थानकं मान्य केली. कात्रजचं स्थानकही सुमारे ४२१ मीटर दक्षिणेला सरकवलं. या बदलांसाठी ६८३.११ कोटी रुपये जास्तीचे लागणार आहेत. आकडा मोठा आहे आणि तो कुणाच्याही डोळ्यांत भरेल. तरीही हा निर्णय योग्य आहे आणि तो वेळेत झाला, याचं मनापासून स्वागत करायला हवं.

कात्रजहून शहराकडे जमिनीखालून वाट काढण्याचा हा पहिला उद्योग नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी भुयारी नळाने पुण्यात आणलं गेलं. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले आणि पेठांमध्ये हौद. नळ आपल्या अंगणाखालून गेला म्हणून कुणाची घागर भरत नव्हती. घागर हौदावर भरायची. मेट्रोच्या बोगद्याचं आणि स्थानकाचं नातंही तेच आहे. मार्ग किती किलोमीटरचा झाला याच्या बातम्या येतात, समारंभ होतात. पण तो मार्ग कोणाचा, हे त्यावरच्या स्थानकांच्या जागा ठरवतात. तीन स्थानकं असती तर दर थांब्यामागे साधारण १.८ किलोमीटर अंतर पडलं असतं. पाच झाल्यावर ते सव्वा किलोमीटरच्या आत येतं. उन्हात, पुस्तकांचं ओझं पाठीवर घेऊन चालणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

वेळेत झाला, असं मुद्दाम म्हटलं, कारण भुयारी स्थानकाची मागणी उशिरा करून चालत नाही. उड्डाणमार्गावर दोन खांबांमध्ये नंतर एखादं स्थानक बसवणंही अवघडच, पण जमिनीखाली ते जवळपास अशक्य होऊन बसतं. बोगदा यंत्राने पोखरत नेता येतो, वरच्या रस्त्याला फारसा धक्का न लावता. स्थानकासाठी मात्र वरून प्रचंड पेटी खणावी लागते. तिच्यात फलाट, तिकीट दालन, सरकते जिने, हवा आत-बाहेर करणारी यंत्रं, आगीच्या वेळी सुटायच्या वाटा हे सगळं बसवायचं असतं. फलाटाजवळ रूळ सरळ आणि जवळजवळ सपाट हवेत, म्हणजे बोगद्याचा चढउतारही स्थानक धरूनच आखावा लागतो. गाड्या धावू लागल्यावर कुणाला एखादं विद्यापीठ आठवलं, तर तोवर दार बंद झालेलं असतं. पुण्यातच जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तिथल्या सरकत्या जिन्यांवरून एकदा उतरून पाहिलं की असं काम मागाहून करायचं झालं तर काय होईल याचा अंदाज येतो.

मग पहिल्या आराखड्यात बालाजीनगर का नव्हतं? खर्च वाचवणं हे कारण उघड आहे. पण त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते पुण्यापुरतं नाही. विद्यार्थी हा शहराच्या हिशेबात तात्पुरता माणूस असतो. त्याचं नाव मतदार यादीत असलंच तर गावाकडच्या. तो तीन-चार वर्षांनी निघून जातो, म्हणून कुणी त्याला शहराचा रहिवासी समजत नाही. जाणारी पोरं जातात, पण त्यांच्या कॉटवर जूनमध्ये दुसरी पोरं येतात. भारती विद्यापीठाची स्थापना १९६४ ची, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९६ चा. इतक्या वर्षांत या रस्त्यावर विद्यार्थी नाहीत असा एकही हंगाम गेलेला नाही. त्यांच्यातला एकेक जण पाहुणा असेल, पण सगळे मिळून ते इथले कायमचे रहिवासी आहेत.

त्यांच्या वतीने बोलायलाही कुणी नाही. राज्यातल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा घेण्याची वाट मोकळी केली, तरी प्रत्यक्ष मतदान काही झालं नाही. पुणे महापालिकेत तर मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे नगरसेवकाच्या दारात जाऊन गाऱ्हाणं घालावं अशीही सोय नव्हती. बालाजीनगरची मागणी इथल्या कायम रहिवाशांनी उचलली म्हणून ती तडीला गेली. जिथे विद्यापीठाभोवती वस्ती नसेल, तिथे काय होणार?

दिल्लीने याबाबत फार आधी शहाणपण दाखवलं. तिथल्या मेट्रोचा पहिला भुयारी टप्पा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला, तो विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट असा. देशाच्या राजधानीत जमिनीखालची पहिली गाडी विद्यापीठाच्या दारातून निघाली. पुढच्या वर्षी तीच मार्गिका केंद्रीय सचिवालयापर्यंत गेली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलीला उत्तरेकडच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा विचार करता येऊ लागला. प्रवेशाचा अर्ज भरताना घरात पहिला प्रश्न निघतो तो अंतराचा, आणि मुलीच्या बाबतीत तो अंधार पडल्यावरच्या अंतराचा असतो. गुणवत्ता यादीत नाव लागूनही केवळ येण्याजाण्यापायी जवळचं, कमी प्रतीचं महाविद्यालय पत्करलेल्या मुली प्रत्येक शहरात आहेत. स्थानकाच्या खर्चाचा हिशेब मांडताना हा तोटा कुठल्याच रकान्यात येत नाही.

मुंबईच्या भुयारी मेट्रोने तर एका विद्यापीठाचे दोन तुकडे जोडले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचं जुनं संकुल फोर्टात, राजाबाई टॉवरच्या सावलीत. अध्यापनाचे बहुतेक विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ३३.५ किलोमीटरची सबंध मार्गिका कफ परेडपर्यंत खुली झाली. कलिन्याजवळ गाडीत बसायचं आणि हुतात्मा चौकात उतरायचं, हे आता गाडी न बदलता जमतं. लोकल, मग बेस्ट किंवा शेअर रिक्षा अशी कसरत केलेल्या कित्येक पिढ्यांना हे ऐकून बरं वाटेल. एक गोष्ट मात्र खटकते. कामाच्या काळात ज्या स्थानकाचं नाव विद्यानगरी होतं, ते प्रवाशांसाठी उघडलं तेव्हा त्यावर वांद्रे कॉलनीची पाटी लागली होती. परगावाहून पहिल्यांदा परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेल्या मुलाने नकाशात विद्यापीठ शोधायचं कुठे? पुण्यात पौड रस्त्यावरून येणाऱ्या मार्गिकेवर गरवारे कॉलेज हे स्थानक मार्च २०२२ पासून त्याच नावाने आहे आणि नव्या माणसालाही ते बरोबर सापडतं.

परदेशातही हा वाद चालूच आहे. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलए या विद्यापीठाच्या नावाचं एक भुयारी स्थानक विल्शर रस्त्यावर बांधायला घेतलं, पण ते संकुलाच्या मध्यापासून लांब. म्हणून सेपुल्वेडा खिंडीतून जाणाऱ्या नव्या मार्गाचे पर्याय पुढे आले, तेव्हा विद्यापीठाने आणि विद्यार्थ्यांनी स्थानक संकुलाच्या आतच हवं असा आग्रह धरला. महामार्गाच्या कडेने मोनोरेल आणि तिथून विद्यापीठापर्यंत बस, हा पर्याय त्यांना पटला नाही. दोन वाहनं बदलून वर्गात पोचणं म्हणजे काय, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होतं.

सातारा रस्त्यालाही हा अनुभव नवा नाही. डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी इथेच, कात्रज ते स्वारगेट आणि पुढे हडपसर अशी सुरू झाली. बसला स्वतंत्र मार्ग मिळाला, पण थांबे रस्त्याच्या मधोमध आले. विद्यापीठाच्या फाटकातून बाहेर पडायचं, अंगावर येणाऱ्या दुचाकींतून वाट काढायची आणि मग बस पकडायची. आजही सकाळी आठच्या सुमाराला बालाजीनगरला उभं राहिलं की दिसतं : हातावर पांढरा एप्रन टाकलेली मुलगी एक पाय पदपथावर, एक पाय रस्त्यात ठेवून वाहनांच्या फटीची वाट बघते आहे. तिच्या शेजारी रुग्णालयातल्या माणसासाठी स्टीलचा डबा घेऊन आलेली म्हातारी आहे. दोघींना पलीकडे जायचं आहे. स्थानक मंजूर झाल्याने या दोघींचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तो सुटेल स्थानकाचे दरवाजे कुठे उघडतात त्यावर.

भुयारी स्थानकाचा हा मोठा फायदा आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही. तिकीट दालन रस्त्याखाली असतं, त्यामुळे त्यातूनच रस्ता ओलांडता येतो. जिने रस्त्याच्या दोन्ही अंगांना निघाले आणि ज्याला गाडीत बसायचं नाही त्यालाही तिकिटाशिवाय खालून जाऊ दिलं, तर सातारा रस्त्यावरचा हा जिवावरचा खेळ थांबेल. एक दरवाजा थेट विद्यापीठाच्या आवारात उघडावा. रुग्णालयाच्या बाजूला मोठी लिफ्ट हवी, चाकाची खुर्ची आणि सोबतचा माणूस दोघं मावतील अशी. आवाराच्या फाटकावर ओळखपत्र बघण्याची पद्धत असते, तिचा विचार आत्ताच करावा लागेल. नाहीतर बांधलेला दरवाजा पुढे सुरक्षेच्या नावाखाली कुलूप लावून ठेवायची वेळ येते.

एक धास्ती खरी आहे. स्थानक आलं की भोवतालचं भाडं वाढतं. कॉट बेसिसवर राहणारा मुलगा मग आंबेगावच्या पुढे सरकतो आणि ज्याच्यासाठी स्थानक मागितलं तोच त्यापासून लांब जातो. यावर उपाय वसतिगृहांचा आहे, आणि ती जबाबदारी विद्यापीठाची तितकीच महापालिकेची. भाड्याची सवलत हा दुसरा भाग. पुणे मेट्रोच्या विद्यार्थी पासवर सोमवार ते शुक्रवार ३० टक्के सूट मिळते, ही चांगली सुरुवात आहे. पीएमपीचं किमान तिकीट जून २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा झालं. घरून महिन्याला ठरावीक रक्कम येणाऱ्या मुलाला रोजचे हे दहा-वीस रुपये जाणवतात. मेट्रोतून उतरून पीएमपीत चढणाऱ्याला दोन्हींचा मिळून एकच सवलतीचा पास हवा.

बालाजीनगर स्थानकाचे दरवाजे, लिफ्टा, पदपथ यांचा तपशीलवार नकाशा ठरवताना मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोने रहिवाशांच्या बरोबरीने दर वर्षाच्या वर्गांतले चार-दोन विद्यार्थी, रुग्णालयातल्या परिचारिका आणि संकुलाबाहेर रात्री उशिरापर्यंत थांबणारे रिक्षावाले यांना बोलावावं. सुट्टी संपवून मुलं नोव्हेंबरमध्ये परत येतील, तेव्हा ही बैठक सहज घेता येईल.