चाकावरचे पोट : थंडीत अडलेली जिप्सी

मनमाडच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा धाकटा मुलगा लेहला एका गेस्ट हाऊसवर ड्रायव्हर म्हणून लागला. मालकाकडे १९९७ ची पेट्रोल जिप्सी आहे, कार्ब्युरेटरवाली. सकाळी गाडी उठत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि ज्या दिवशी गाडी निघत नाही त्या दिवसाचा रोज मालक कापतो. महिन्यात सहा रोज गेले. ताई विचारतात, "पोरगं चुकतंय का गाडी खराब आहे?"

ताई, बहुधा दोन्ही नाही. त्याचा हात नाशिक-मनमाडच्या हवेत तयार झाला आहे, तो तिथे चालत नाही एवढेच. मी स्वतः १९९६ ते १९९८ असे दोन हिवाळे लेहला ठेकेदाराची गाडी चालवली. पहिल्या हिवाळ्यात माझेही रोज कापले गेले.

जिप्सी १९८५ साली आली तेव्हापासून २००० सालाच्या सुमारापर्यंत तिला कार्ब्युरेटरच होता. पुढे इंजेक्शन आले आणि इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते गाडी आपले आपण ठरवू लागली. जुन्या गाडीत ते ड्रायव्हरच्या हातात असते. इंजिनात पेट्रोल जळते ते वाफ होऊन, पाणी म्हणून नव्हे. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी होते, पेट्रोल जास्त खेचले जाते आणि त्यातले थोडे तरी वाफ होऊन पेटते. निफाडला डिसेंबरात पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा आपल्याकडची जुनी जीपसुद्धा हेच मागते.

पण लेहमध्ये एक उलटी गोष्ट आहे आणि तीच मुलाला कोणी सांगितलेली दिसत नाही. गाव साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हवा आपल्याकडच्यापेक्षा सुमारे तीस टक्के विरळ. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल पूर्वीच्याच हिशेबाने सोडतो. म्हणजे मिश्रण आधीच घट्ट असते. त्यावर पोराने चोक पूर्ण ओढून ठेवला आणि घाईने अ‍ॅक्सिलेटर दहा वेळा दाबला की प्रत्येक दाबाला पेट्रोलची पिचकारी आत जाते, प्लग ओले होतात आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. गाडी ओव्हरफ्लो झाली असे आपण म्हणतो ते हेच. मग जितका सेल्फ मारावा तितकी गाडी बुडत जाते.

तर सकाळचा क्रम असा ठेवावा. दिवे, हीटरचा पंखा, टेप सगळे बंद. क्लच पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑईल घुसळण्याचे काम सेल्फवर पडत नाही. चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलेटर एकदा, फार तर दोनदा दाबून पाय काढायचा. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारायचा नाही. नाही उठली तर मिनिटभर थांबायचे. थांबणे हेच अवघड असते, कारण मालक खिडकीतून बघत असतो. इंजिन धरले की चोक अर्धा आत, मग हळूहळू पूर्ण आत. गरम इंजिनावर चोक तसाच ठेवला तर जादा पेट्रोल सिलिंडरचे ऑईल धुऊन काढते आणि खालच्या ऑईलमध्ये मिसळते.

पेट्रोलचा वास आला तर समजावे की ओव्हरफ्लो झाली. चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाते, प्लग सुकतात. त्यानेही नाही झाले तर चारही प्लग काढून, पुसून, घरात चुलीजवळ कोरडे करून लावावेत. गरम प्लगवर गाडी पटकन धरते.

खरे काम मात्र रात्रीचे आहे. शून्याखाली १८ अंशांना चांगल्या बॅटरीचाही जोर निम्म्याच्या आसपास येतो आणि त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन जास्त जोर मागते. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर तिच्यातले पाणी शून्याखाली दहाच्या आसपासच गोठू लागते आणि डबा फुटतो. भरलेली बॅटरी तिथल्या थंडीत गोठत नाही. म्हणून बॅटरी काढून रात्री खोलीत न्यायची, सकाळी टर्मिनल घासून घट्ट लावायची. दहा मिनिटांचे काम आहे. ऑईल इकडचे २०-५० असेल तर बदलायला मालकाला सांगावे. त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो. तो दहा किंवा पाच हवा. हा खर्च मालकाचा आहे, पोराने आपल्या खिशातून करू नये. टाकी रात्री भरलेली ठेवावी, रिकाम्या टाकीत दव धरते आणि ते पाणी नळीत गोठते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते, ते पाणी ओढून घेते, म्हणून ही काळजी पूर्वीपेक्षा जास्त.

आता दोन गोष्टी ज्या करायच्याच नाहीत. जानेवारी १९९७ मध्ये आमची गाडी अशीच अडली होती. मुकादम म्हणाला, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओत. मी बाटलीने ओतत होतो, दुसऱ्याने सेल्फ मारला, इंजिन उलटे पेटले आणि ज्वाला बाटलीपर्यंत आली. उजव्या मनगटाची कातडी गेली, दीड महिना हात गळ्यात होता. त्या दीड महिन्याचा एक पैसा मिळाला नाही. ट्रकवाले इंजिनाखाली शेगडी ठेवतात ते बघून पेट्रोलच्या गाडीखाली तसे कोणी करू नये. ट्रकमध्ये डिझेल असते, तरी त्यांच्याही गाड्या जळतात.

दुसरे, गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून गरम करणे. धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, माणूस झोप आल्यासारखा बसतो आणि उठत नाही. आधी दार सताड उघडायचे, मग किल्ली फिरवायची. रात्री खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करण्याचाही धोका हाच.

रेडिएटरमध्ये निम्मे पाणी आणि निम्मे अँटिफ्रीझ असावे. ते चवीला गोड आणि विषारी असते, डबा लहान मुलांच्या आणि कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नये.

ताई, या मजकुराचा फोटो काढून मुलाला पाठवा. कापलेल्या सहा रोजांचे तारखेवार टिपण त्याने वहीत ठेवावे आणि बॅटरी किती जुनी आहे ते मालकाला विचारावे. चार-पाच हिवाळे झाले असतील तर नवीच लागेल, मग कोणीही ड्रायव्हर असो. तुम्ही फोनवर त्याला एवढेच विचारत जा, "काल रात्री बॅटरी आत आणली होतीस का?"