चार वर्षं मलम लावलं, पट्टी कुणी बांधलीच नाही

आमच्या काकांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला, चार वर्षं जखम होती. तीस वर्षं सलूनमध्ये उभं राहून काढलेली. पोटरीवरच्या शिरा फुगलेल्या, घोट्याजवळची कातडी काळपट. एक दिवस खाजवलं, तिथून जे सुरू झालं ते थांबेचना.

काय नाही लावलं? हळद, खोबरेल, मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबा. अँटिबायोटिकचे कोर्स तर किती झाले. सरकारी दवाखान्यात दर दोन दिवसांनी गॉज बदलून मिळायचं, ते मात्र इमानदारीत. शुगर नॉर्मल निघाली. मग "वय झालं, चालायचंच".

शेवटी एका सर्जननी शिरा बघितल्या आणि सांगितलं, "काका, दुखणं जखमेत नाही, शिरांत आहे." शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर न चढता पायातच तुंबतं. त्यावर मुख्य उपचार दाबाचा. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट पट्टी, घोट्याशी दाब जास्त, वर कमी कमी. झोपताना पाय छातीपेक्षा उंच. आणि चालायचं, कारण पोटरीचा स्नायू हाच रक्त वर ढकलणारा पंप. पाच महिन्यांत जखम भरली.

हे वाचून कुणी घरच्या घरी पट्टी आवळू नका, हात जोडून सांगतो. आधी घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर मोजून पायाला रक्त नीट पोचतंय का ते बघावं लागतं. बिडी-सिगारेटवाले, शुगरवाले यांच्या धमन्या अरुंद असल्या तर याच पट्टीने पाय जायची वेळ येते. शुगरवाल्यांच्या तळव्याची जखम तर वेगळीच, तिथे भार काढावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच. दाबाच्या पट्ट्या, हातात मावणारं एक डॉप्लर मशीन आणि ते वापरायला शिकलेली एक सिस्टर, हे तालुक्याच्या दवाखान्यात का नाही? चार वर्षांचं गॉज, गोळ्या आणि काकांचे बुडालेले दिवस यांचा हिशोब कुणी केलाय का? हॉटेलचे आचारी, ट्रॅफिक पोलीस, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी, सगळे याच रांगेत आहेत. आरोग्य समितीतलं कुणी वाचत असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा.

जखम भरली तरी शिरा तशाच आहेत, त्यामुळे दाबाचे मोजे कायमचे. काका सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवतात. मे महिन्यात शिव्या देत, पण चढवतात.