‘सगळे बदला’ हे बटण जरा जपून!



वर्गाच्या याद्या आता आपण सगळेच संगणकावर करतो. मागे एकदा मी यादीतले पत्ते नीट करायला बसले. काही ओळींत नाव लिहून पुढे नुसतंच ‘पाटण’ होतं, तिथे ‘ता. पाटण, जि. सातारा’ हवं होतं. ‘शोधा व बदला’ उघडलं, ‘सगळे बदला’ दाबलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी एक पालक यादी बघून म्हणाले, "बाई, आमचं आडनाव कधी बदललं?" त्यांच्या मुलाचं ‘पाटणकर’ हे आडनाव ‘ता. पाटण, जि. साताराकर’ झालं होतं!

हसू आलं, पण घामही फुटला. हीच यादी बघून दाखला लिहिला असता तर? दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला किती हेलपाटे पडतात, ते तुम्हाला सांगायला नको.

चूक संगणकाची नव्हती, माझी होती. त्याला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. मग त्याला नेमकं सांगायचं कसं? त्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असतं. म्हणजे नुसता शब्द न शोधता शब्दाचा नमुना शोधायचा. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात केन थॉम्प्सन यांनी ती टेक्स्ट एडिटरमध्ये आणली. आज नोटपॅड प्लस प्लस, लिबर ऑफिस रायटर यांत ती फुकट मिळते. कंट्रोल आणि एच दाबा, ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय निवडा.

सुरुवातीला तीन खुणा पुरेत:

^ म्हणजे ओळीची सुरुवात.
$ म्हणजे ओळीचा शेवट.
[०-९]+ म्हणजे एक किंवा अधिक मराठी अंक.

‘पाटण$’ असं शोधलं की ओळीच्या शेवटचंच पाटण सापडतं, मधले पाटणकर सुटतात. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ‘मु. मोरगिरी, ता. पाटण’ ही ओळही त्यात सापडते आणि तिचं ‘ता. ता. पाटण’ होऊन बसतं! म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एकेक जागा डोळ्यांनी बघा. पटली तर ‘बदला’, नाही तर ‘पुढचे शोधा’.

मराठीत तर याला पर्यायच नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘फक्त पूर्ण शब्द’ शोधला तर पाटणला, पाटणहून, पाटणचा हे सगळे निसटतात. तसं न करता शोधलं तर पाटणकर आणि पाटणाही सापडतात. शिवाय ‘राणी की वाव’ असलेलं गुजरातमधलं पाटण वेगळंच! कुठलं पाटण कुठलं, हे माणसानेच ठरवायचं.

म्हणूनच संगणकाच्या तासाला मुलांना हे जरूर द्या. एक उतारा द्यायचा, एक शब्द बदलायला सांगायचा आणि प्रत्येक जागी विचारायचं, "इथे बदलायचं का? का नाही?" प्रत्यय, विशेषनाम, सामान्यरूप यांची उजळणी आपोआप होते. आणि पालकहो, घरी मूल ‘सगळे बदला’वर बोट नेताना दिसलं, तर एवढंच विचारा, "सगळे म्हणजे कोण कोण, बघितलंस का?"

वेळ थोडा जास्त लागतो, हे खरं. पण कुणाच्या तरी मुलाचं नाव आपल्या हातून बिघडत नाही. आणि हो, सुरू करण्याआधी फाईलची एक प्रत काढून ठेवायला विसरू नका!