अजून दहा फूट

पत्त्यांवर लिहितो आहे म्हणून वाचकांनी दचकू नये. बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात माझी उमेद गेली; जुगाराची शिफारस मी करणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानेच बंदी घातली, ते बरेच झाले. पण मागे एका दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने हिंगोलीच्या आमच्या ओसरीवर चिंचोके लावून मला पोकर शिकवले, आणि तेव्हापासून एक जुनी विहीर डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्या तीन पत्तीत एकदा पाने वाटली की हात ठरला; पुढे चालते ती हिंमत. पोकरमध्ये हातात दोन पाने, मग पटावर आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक उघडते. दर टप्प्याला पैसे लावायचे आणि दर टप्प्याला हाताची किंमत बदलते. समजा, तुमची दोन आणि पटावरची दोन मिळून चार बदाम झाले. पाचवा आला तर डाव तुमचा, असे धरू. न पाहिलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. दोन पाने उघडायची असताना शक्यता सुमारे ३५ टक्के. चौथे पान इस्पिकचे निघाले की उरली ४६, बदाम तेच ९. शक्यता २० टक्क्यांच्या आत. हातातली पाने तशीच देखणी दिसतात, किंमत मात्र जवळजवळ निम्मी होते.

"डावात २०० चिंचोके होते, मी १०० टाकले. मामा, तुम्ही १०० टाकणार?" भाच्याने विचारले. एकूण ४०० होणार, त्यांत माझे १००. चारात एकदा जिंकलो तर नुसती बरोबरी. माझी शक्यता त्याहून कमी. तरी मी टाकले. "आधीचे एवढे गेलेत ना रे!" भाचा हसला. "मामा, ते आता तुमचे नाहीत. ते डावाचे."

हे वाक्य मला फार उशिरा भेटले. १९९० च्या सुमाराची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. औंढ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला मी कर्ज दिले. पहिला हप्ता मुरमात गेला. मुरूम ओलसर होता, आशेला जागा होती. पुढे काळा पाषाण लागला. आपल्या भागात पाणी राहते ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत; अखंड पाषाणात ते कुठून येणार? पान इस्पिकचे निघाले होते. शेतकरी म्हणाला, "साहेब, एवढं खंदलंय. आता अजून दहा फूट." मीही फाइलवर तेच लिहिले, जरा सभ्य भाषेत: आधीची गुंतवणूक वाया जाऊ नये म्हणून वाढीव कर्जाची शिफारस. सुरुंग लावले. विहीर कोरडीच राहिली. कर्ज फिटले ते दोन एकर विकून.

प्रत्येक वेळी माघारच घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. पहिला पेरा वाया गेला आणि जुलैचे दिवस हाताशी असले, तर दुबार पेरणी शहाणपणाचीही ठरते. गेलेले बियाणे हे ना पेरण्याचे कारण, ना न पेरण्याचे. विचारायचे ते एवढेच: आता काय शक्यता उरली, आणि तिच्यासाठी आता काय मोजायचे? सोसायट्यांतले 'नवं-जुनं' हा प्रश्न टाळण्यासाठीच असते. कागद नवा, कर्ज तेच.

खेळाडू पाने टाकून उठतो. कुणब्याला रान टाकून उठता येत नाही. म्हणून 'पुरे' म्हणण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची. दर हप्त्याला फाइल जणू पहिल्यांदाच उघडतो आहोत, अशी वाचली पाहिजे.

औंढ्याचे नागनाथाचे देऊळ वनवासातल्या पांडवांनी उभारले, असे आपल्याकडे सांगतात. तो वनवास द्यूताने आणला. दर हरलेल्या डावानंतर धर्मराजाने पुढचा पण लावला. विदुर बोलला, बाकीचे थोर बघत राहिले. त्या दिवशी बँकेतली माझी खुर्ची विदुराची होती. मी सही केली.