मलाजखंडचे तांबे आणि उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव

मध्य प्रदेशातील जबलपूर विभागात, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड ही देशातील सर्वात मोठी तांब्याची खाण आहे. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान कॉपरने १९८२ मध्ये ती सुरू केली. तिथल्या हलक्या प्रतीच्या धातुकात तांबे इतके थोडे असते की, ते दळून भट्टीपर्यंत नेणे परवडत नाही. मात्र तुतिकोरीनचा कारखाना २०१८ मध्ये बंद झाला आणि भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तांब्याचा समावेश ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत केला. त्यामुळे या हलक्या धातुकाचा विचार नव्याने करावा लागणार आहे.

काही सूक्ष्मजीव लोह व गंधक यांवर जगतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लयुक्त द्रावणात तांबे विरघळते. मलाजखंडचे तांबे मुख्यतः चाल्कोपायराइट या खनिजात आहे आणि अडचण तिथेच आहे. साधारण ३० अंश सेल्सिअसला काम करणारे जिवाणू वापरल्यास या खनिजावर एक थर जमतो आणि प्रक्रिया मंदावते. सल्फोलोबससारखे उष्ण झऱ्यांतील सूक्ष्मजीव ६५ ते ८० अंशांत वाढतात. त्या तापमानात हा अडथळा बराच कमी होतो. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने मलाजखंडच्याच धातुकावर असे प्रयोग केले आहेत.

प्रयोगशाळेतून खाणीपर्यंतचा प्रवास मात्र सोपा नाही. उष्ण द्रावणात प्राणवायू कमी विरघळतो, दगडाच्या कणांच्या घर्षणाने या नाजूक पेशी फुटतात आणि आम्लाला टिकणाऱ्या टाक्या महाग पडतात. चिलीतील चुकिकामाटा येथे वर्षाला २० हजार टन तांबे देण्याच्या क्षमतेचा असा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला होता. तरीही ही पद्धत जगभर रूढ झाली नाही. भारताला टाक्यांपेक्षा ढिगांचा मार्ग अधिक झेपेल. गंधकयुक्त खनिजाचे विघटन होताना उष्णता बाहेर पडते आणि मोठा ढीग ती धरून ठेवतो.

हेच सूक्ष्मजीव उघड्या ढिगांवर निमंत्रणाशिवायही काम करतात, ही या विषयाची दुसरी बाजू. पावसाळ्यात तिथून आम्लयुक्त, धातुमिश्रित पाणी झिरपते. शेजारी शेती आहे, कान्हाचे जंगलही फार दूर नाही. ढिगाखाली अभेद्य तळ घालून ते द्रावण गोळा केल्यास तांबे मिळेल आणि ओढेही वाचतील. म्हणून या तळाचा खर्च तांब्याच्या हिशेबात धरायचा की पर्यावरण रक्षणाच्या, हे आधी ठरावे लागेल.